गावकीने थांबवलेलं रॉकेट

कापडे गावाच्या वर डोंगरात जी वाडी आहे, तिथे गाडी जात नाही. ती खालच्या वळणापर्यंत येते आणि पुष्कळदा तिथेच रुसते. मग माणसं भिकूला हाक मारतात. भिकू येतो, टोपी खिशात कोंबतो आणि गाडीकडे बघायच्या आधी स्वतःच्या पायाखाली बघतो. घट्ट दगड शोधतो, टाच रोवतो, मग खांदा लावतो. पन्नाशी उलटली, तरी त्याच्या खांद्याला दाद न देणारी जीप त्या वळणावर अजून आलेली नाही. या कामातून त्याला चहाखेरीज फारसं काही मिळालं नाही, पण एक खात्री मिळाली. पाय टेकायला जागा असेल तरच जगातली कुठलीही वस्तू हलते.

या खात्रीपायी त्याच्या मुलीचं लग्न मोडायची वेळ आली.

गौतमीला महाडचा सूरज पसंत होता आणि सूरजला ती. सूरजचे वडील, सुहास सर, महाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. सुपारी फोडायला ते धापा टाकत वाडीवर आले, तेव्हा ओटीवरच्या टीव्हीत रॉकेट सुटत होतं. जित्याजागत्या माणसांचा एवढा मोठा वर्ग समोर बसलेला पाहून सरांना राहवलं नाही. ते शिकवायला लागले.

"वर हवा नाय म्हणता?" भिकूने विचारलं.

"अजिबात नाही. नुसती पोकळी."

"मंग ते पाय कुठं टेकतं?"

"टेकत नाही. पोटातला जळता वायू जोराने मागे फेकतं, म्हणून पुढे जातं."

"सोताच्याच धुराला ढकलून?" भिकू हसला. "सर, मी मिसरूड फुटल्यापासून विडी ओढतोय. एव्हाना चंद्रावर पोचलो असतो."

ओटी खदखदली. सरांनी सजावटीतला एक फुगा सोडवला, गाल फुगवून आणखी फुगवला आणि तोंड न बांधता सोडून दिला. फुगा फुर्रर करत घरभर भटकला आणि सरांच्याच चहात पडला.

"बघितलंत?"

"बघितलं. त्यानं घरातल्या हवेला रेटा दिला. वर हवाच नाय, तर कुणाला देल?"

सरांचा आवाज चढला, तसा भिकूचाही चढला. शेवटी भिकूने गावकीला विचारायचं ठरवलं. वाडीची रीतच तशी होती. भांडण बांधाचं असो की बोकडाचं, गावकी बसायची, हात वर व्हायचे, देवीपुढे नारळ फुटायचा आणि विषय संपायचा. माणसं सुपारीसाठी जमलेलीच होती. अवकाशात रॉकेट चालत नाही, असं वाडीने एकमताने ठरवलं. नारळ फुटला. सुपारी तशीच राहिली.

"जिथे विज्ञान हात वर करून पाडतात," सर चपला शोधत म्हणाले, "तिथली सोयरीक मला नको. निकाल फिरवा, मग बोलू."

निकाल फिरवायचा तर ज्याने विषय काढला त्याने गावकीपुढे माझं चुकलं म्हणायचं, एवढंच होतं. पण तेवढंच भिकूला जमेना.

"बाबा, चालू द्या ना त्या रॉकेटला," गौतमी म्हणाली. "तुमच्या वळणावरनं जातंय काय?"

"पटल्याबिगर हो म्हणू? गावकीपुढं? देवीपुढं?"

त्यानंतर ती ताट वाढायची, पण बोलायची नाही. बायको आवडी बोलायची, पण फक्त म्हशीशी, आणि ते सगळं भिकूबद्दल असायचं. दुपारी भिकू अंगणात आडवा पडून आभाळाकडे बघायचा. एवढं मोठं निळं काही, आणि टाच ठेवण्यापुरता दगड नाही त्यात. त्याला घेरी यायची आणि तो कूस बदलायचा.

वैशाखात तो फणस उतरवायला चढला आणि फांदीसकट खाली आला. फणस धड राहिला. भिकूचा घोटा भोपळ्यासारखा सुजला. महाडच्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे वळणापर्यंत डोली. बांबूला घोंगडी बांधली. पुढे रामजी, मागे नाथू. नाथू गावकीचा पुढारी, त्यामुळे त्याने मागचा, उताराला सोपा खांदा आपणहून घेतला होता.

आवडीने तो फणस भिकूच्या मांडीवर ठेवला. "महाडला जातावच, तर सरांकडं द्या."

"मी? त्या मास्तरला?"

"मंग गौतमी देल," असं आवडी म्हशीला म्हणाली. फणस भिकूच्या मांडीवरच राहिला आणि गौतमी पाण्याची बाटली घेऊन डोलीमागून निघाली. तिने सूरजला फोन केला होता, हे कुणाला माहीत नव्हतं.

अर्ध्या वाटेवर खांदेकऱ्यांनी दोन झाडांच्या बेचक्यांत बांबू अडकवला आणि नाथू डोलीमागे विडी पेटवून उकिडवा बसला. तेवढ्यात खालून सर वर आले, घामाने निथळत.

"सूरज गाडी घेऊन खाली उभा आहे. फार लागलंय का?"

बोलणं इथेच थांबायला हवं होतं. पण सर शिक्षक होते. "पडताना तरी पाय टेकायला जागा मिळाली का?"

भिकूचं डोकं फिरलं. "हा घ्या तुमचा फणस!" म्हणत त्याने तो दोन्ही हातांनी भिरकावला. सर वाकले. फणस पुढे गेला आणि डोली मागे. ती नाथूच्या पाठीत अशी बसली की तो विडीसकट करवंदीच्या जाळीत गेला.

डोली झुलत राहिली. भिकूने मान वळवून मागे बघितलं. मग म्हणाला, "मला कोणी ढकललं?"

"कोणीच नाही," सर म्हणाले.

भिकूने आपले पाय बघितले. दोन्ही अधांतरी. "हवेनं आसंल."

"मग हा पंचा फेका. तेवढ्याच जोराने. हवा तीच आहे."

भिकूने पंचा फेकला. डोली जेमतेम हलली. त्याने फणस परत मागवला, फेकला. डोली गचकन मागे गेली. आता नाथू बाजूला सरून बसला होता. तिसऱ्यांदा फणस फुटला आणि सगळ्या वाटेवर वास सुटला.

"म्हंजे ते रॉकेट," भिकू सावकाश म्हणाला, "पोटात फणस घेऊन निघतं."

"एकामागून एक मागे फेकत."

"आन् संपले की?"

"जात राहतं. अडवायला तिथे काहीच नसतं."

भिकू गौतमीकडे बघत राहिला. पोटातलं फेकल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि एकदा निघालं की थांबायचं नाही. असल्या जागी कोण कशाला जात असेल? पण चाललं होतं खरं.

"नाथू, गावकी बसव."

"हितं? नारळ कुठाय?"

"फणस फुटलाय की." भिकूने टोपी काढली. "माझं चुकलं. रॉकेट चालतं. हात वर करा."

पहिला हात गौतमीचा वर गेला.

"बाईमाणसाला गावकीत हात नाय गो," नाथू म्हणाला.

"तुमच्या पाठीतले काटे मग कोण काढील, नाथूकाका?"

नाथूने थोडा विचार केला आणि हात वर केला. निकाल फिरला. गरे वाटले गेले.

नाथूच्या पाठीला बांबू सोसेना, तेव्हा मागचा खांदा सरांनी घेतला. निघताना वाटेवरची खडी त्यांच्या चपलांखालून घरंगळली. गौतमीने पटकन बांबू धरला.

"सर," घोंगडीतून भिकू कळवळून म्हणाला, "रॉकेटचं कळलं मला. पण तुम्ही पाय टेकून चला."