नाकारता न येणारी घोषणा

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इतिहासावर लिहायला अजून हात कचरतो. चूकभूल माफ करा.

मी पिस्कॅटवेच्या अमेरिकन विद्यापीठात टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, आहे. लेक्चर प्रोफेसर देतात. मी वीस मुलांचा चर्चेचा तास घेतो आणि क्विझ तपासतो. त्या बदल्यात फी माफ. पुढच्या टर्मला हे काम मिळालं नाही, तर शिक्षण सोडून परत जावं लागणार होतं.

त्या तासाला विषय होता इस्लामच्या सुरुवातीच्या काळातलं एक बंड. चौथ्या खलिफांनी लढाई थांबवून तंटा दोन लवादांकडे सोपवला. त्यांच्याच सैन्यातले काही जण बिथरले. निर्णय देणारी माणसं कोण? त्यांची घोषणा होती, ‘निर्णय फक्त अल्लाहचा!’

‘‘पण हे तर सगळ्यांनाच मान्य होतं ना?’’ सई म्हणाली. ही इथेच, जवळच्या एडिसन गावात वाढलेली मराठी मुलगी. ‘‘देन व्हॉट्स द प्रॉब्लेम?’’

प्रॉब्लेम तोच होता. वाक्य खरं, पण वापरलं खलिफांच्याच विरुद्ध; म्हणून त्यांना ते खोडता येईना. माझे बाबा हमाल. त्यांच्या युनियनच्या मोर्चात अशा घोषणांपुढे मालक अडकलेले मी पाहिलेत. पण इंग्रजीत सांगताना अडखळलो.

‘‘माझ्याविरुद्ध अशी एक घोषणा करा,’’ मी म्हणालो, ‘‘जी मला खोडता येणार नाही.’’

दोन मिनिटांत तयार. ‘मार्क फक्त सत्याचे!’

मी खूश. त्याच खुशीत तपासलेल्या क्विझ वाटल्या.

‘‘तिसरा प्रश्न शिकवलाच नव्हता!’’ सई उठली. ‘‘मार्क फक्त सत्याचे!’’

वर्ग बाकं बडवायला लागला. मी घाबरलो. ‘‘दोन दुसऱ्या टीएंकडून तपासून घेऊ.’’

‘‘पुन्हा माणसंच?’’

हशा पिकला. अर्धे जण तयार झाले. उरलेले घोषणा देत कॉरिडॉरमध्ये जाऊन बसले. शेजारच्या वर्गातून तक्रार गेली.

प्रोफेसरांनी बोलावलं. ‘‘बंड समजावून सांगायचं होतं. करवून घ्यायचं नव्हतं.’’

‘‘सॉरी, सर.’’

‘‘तो प्रश्न शिकवला होता का?’’

‘हो’ म्हणणं सोपं होतं. ‘‘नव्हता, सर.’’

‘‘मग या गोंधळाचा रिपोर्ट द्या आणि त्यात तेही लिहा.’’

लिहिलं. सगळ्यांना त्या प्रश्नाचे मार्क दिले. समोरच्याची घोषणा खोडता येत नसेल, तर आधी आपलं काम तपासावं, एवढं शिकलो.

तीन आठवड्यांनी मेल आला. टीएचं काम पुढच्या टर्मलाही माझ्याकडेच. तास मात्र तळघरातल्या खोलीत, जिथं शेजारी वर्ग नाही.