कडुनिंबापासून अडतीस पावले

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी निवृत्त नाईक माधव कदम विहिरीत पडला. तीन पन्नासला त्याला वर काढले. चार पस्तीसला, औशाच्या पुढे, जीपमध्ये तो गेला. लातूरला रेल्वेने पाणी येत होते, त्या वर्षाचा मे महिना होता.

आम्ही दोघे एकाच इंजिनिअर रेजिमेंटमध्ये होतो. मी हवालदार क्लार्क, तो सॅपर, म्हणजे खोदकाम-पुलांचा जवान; पुढे नाईक झाला. मी मुरूडचा, तो अर्धापूरचा. माझ्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा पुस्तके जास्त असायची म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. पेन्शनवर आल्यावर आम्ही एकाच महिन्यात लातूरच्या एका कार्यालयात कराराने लागलो. कार्यालयाच्या दारावर पाटी नव्हती. आत तीन टेबले, एक कपाट आणि जिल्ह्याचा नकाशा होता.

पहिल्या दिवशी निवृत्त मेजर साहेबांनी काम समजावले. ते म्हणाले, "दुष्काळ आता फक्त शेतीखात्याचा विषय नाही. पाऊस बदलला की माणसे हलतात. माणसे हलली की तंटे होतात. तंटा होण्याआधी वर कळले पाहिजे. तुम्ही फिरायचे, ऐकायचे आणि लिहायचे."

बाहेर आल्यावर माधव म्हणाला, "म्हणजे मास्तर, आपण आता ढगाची हेरगिरी करून राहिलो का?"

"ढगाची नाही. लोकांची."

"मंग बरंय. ढग घावला नसता."

दिनक्रम ठरलेला होता. सकाळी साडेसातला मोटारसायकल काढायची. दिवसात चार गावे. साध्या कपड्यांत. रजिस्टरला पाच रकाने होते. गाव, पाणी किती दिवसांचे, टँकर किती, तंटा आणि शेवटचा रकाना बोलणाऱ्या माणसांचा. गावात कोणाच्या शब्दाला वजन आहे, कोण आवाज चढवतो, त्यांची नावे त्यात जायची. संध्याकाळी सहाला रजिस्टर साहेबांकडे. त्यावर गोपनीय असा शिक्का बसायचा. पुढे ते कुठे जाते हे आम्हाला माहीत नव्हते.

एप्रिलमध्ये मला ते कळले. मुरूडच्या रस्त्यावर एका गावात एक चहाचे हॉटेल होते. हॉटेलवाल्याने टँकरच्या ड्रायव्हरला माझ्यासमोर सुनावले, "उद्या आला न्हाईस तर टायर फोडतो बघ." लोक हसले. ड्रायव्हरही हसला. मी ते शब्द रजिस्टरमध्ये उतरवले आणि पाचव्या रकान्यात त्याचे नाव घातले. पुढच्या आठवड्यात गेलो तर हॉटेल बंद. त्याला चौकशीला नेऊन दोन दिवस बसवून ठेवले होते. पंधरा दिवसांनी हॉटेल उघडले. त्याने माझ्यापुढे चहा ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारले, "साखर किती टाकली ते बी लिहिणार का साहेब?"

त्यानंतर गावे गप्प झाली. मोटारसायकल पाराजवळ आली की बोलणे थांबायचे. बायका घागरी उचलून आत जायच्या. म्हातारी माणसे आम्हाला रामराम करायची आणि मग जमिनीकडे बघत बसायची. भूकंपाच्या वेळी याच भागात मी काम केले होते. तेव्हा लोक आमच्याकडे धावत यायचे. आता पार दिसला की मी पेन खिशात आत ढकलायचो.

माधवला वेगळी काळजी होती. त्याची मुलगी रेणुका लातूरला हॉस्टेलमध्ये राहून मेडिकलच्या परीक्षेचे क्लास करत होती. टँकर येईल त्या दिवशी मुलींना एकेक बादली पाणी मिळायचे. क्लास बंद करून सगळ्या मुलांना घरी पाठवणार अशी बातमी रोज उठत होती.

"घरी आली की संपलं मास्तर," तो म्हणायचा. "माझी माय स्थळं बघूनच बसलीय. एकदा आली की पुन्हा लातूरला सोडत न्हाई ती."

म्हणून त्याला पाणी सापडायला हवे होते. सापडलेले पाणी शहराला जायचे. विहिरीची खात्री झाली की दुसऱ्या दिवशी अधिग्रहणाची नोटीस लागायची आणि तिसऱ्या दिवशी टँकर उभे राहायचे.

त्या मंगळवारी सकाळी साहेबांनी एक कागद दिला. उपग्रहाचे चित्र होते. सगळीकडे तपकिरी रंग, मधे नखाएवढा हिरवा ठिपका. खाली एक ओळ होती. पाण्याची शक्यता, खात्री करा.

जागा किल्लारीच्या बाजूची, एक जुने गावठाण. गाव भूकंपात पडले आणि दुसरीकडे वसले. जुन्या जागी आता वेड्या बाभळी माजल्या होत्या. कडेला दहा-बारा घरांची वस्ती राहिली होती. माधवने कागद दोनदा पाहिला आणि म्हणाला, "मास्तर, ही आपली जागा हाय."

ती आमचीच जागा होती. भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी आमचे सेक्शन तिथे उतरले होते. पाऊस पडत होता. माधवने तिथले शेतकरी शिवलिंग अप्पा यांच्या आईला भिंतीखालून काढले. ती जिवंत नव्हती. अप्पांनी आईच्या अंगावर धोतर घातले आणि बादली घेऊन विहिरीवर गेले. आधी जवानांना पाणी दिले, मग आपण प्याले. विहिरीचा कठडा ढासळला होता. अंधारात कोणी पडू नये म्हणून माधवने चार खुंट्या ठोकून भोवती पांढरी पट्टी बांधली. कँपच्या कडुनिंबापासून विहिरीची कड अडतीस पावले. ते मी त्या वेळच्या रजिस्टरमध्ये लिहिले होते.

आम्ही दोनच्या सुमारास पोचलो. अप्पा पत्र्याच्या शेडखाली बसले होते. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. सत्तरीला टेकले असावेत. त्यांनी माधवला ओळखले.

"पट्टी बांधणारे नव्हं तुम्ही?"

"हाव अप्पा."

"लई सुटला की हो. पेन्शन मानवली." मग त्यांना माझ्या हातातले रजिस्टर दिसले आणि त्यांचा चेहरा बदलला.

मी विचारले, "विहीर कशी आहे, अप्पा?"

"कुठली विहीर? ती बुजली की भूकंपातच."

"आम्ही पाणी प्यालो होतो तिचं."

"त्याच्या मागून बुजली. दुसरा हादरा बसला नव्हं का." ते जमिनीकडे बघत होते. "न्हाई आता काही तिथं. दगडं हायती नुसती."

त्यांच्या मागे, बांधाच्या आड, ओंजळभर हिरवे कडवळ, गुरांचा चारा, उभे होते. मी ते पाहिले आणि नजर फिरवली.

अप्पांनी आम्हाला गूळ दिला. पाणी मागवले नाही. पण पाहुण्यांना नुसता गूळ दिलेला त्यांच्या सुनेला सहन झाला नसावा. ती न सांगता आतून पितळी तांब्या घेऊन आली. अप्पांनी तिच्याकडे पाहिले. तिने मान खाली घातली, पण तांब्या परत नेला नाही.

मी प्यालो. पाणी गार होते.

मे महिन्यात टँकरचे पाणी गार नसते. टँकरचे पाणी पत्र्यात तापते, त्याला गंजाचा वास येतो. हे पाणी तासाभरापूर्वी जमिनीखाली होते. मी तांब्या माधवला दिला. तो प्याला, थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवून नाही म्हटले. मला रजिस्टर कोरडे न्यायचे होते. माझ्या डोळ्यांपुढे हॉटेलवाला होता. माधवच्या डोळ्यांपुढे काय होते तेही मला माहीत होते.

तो उठला.

"बस, माधव."

"पाय मोकळे करून येतो मास्तर."

तो कडुनिंबापाशी गेला. झाड तेवढे राहिले होते. त्याने खोडाला पाठ लावली, समोर दूर कुठेतरी नजर धरली आणि चालू लागला. सरळ चालायचे असेल तर पायाकडे बघायचे नाही, हे आम्हाला शिकवले होते. तो मोठ्याने मोजत होता. वाटेत तुराट्यांचा पसारा होता, त्यावर माती. तशी जळणाची रास कुठल्याही वस्तीवर असते.

"तीस. एकतीस."

अप्पा उभे राहिले. त्यांचा हात वर आला आणि तसाच राहिला. त्यांनी हाक मारली तर विहीर आहे असे त्यांनीच सांगितल्यासारखे होणार होते. हे मला तेव्हाच समजले. मी हाक मारू शकत होतो. मीही गप्प राहिलो. वाटले, तुराट्यांपाशी थांबून काही न सापडता तो परत फिरेल.

"छत्तीस. सदतीस."

"थांबा!" अप्पा ओरडले. "थांबा हो, फुडं विहीर हाय!"

माधवने मान वळवली, पण पाऊल पडले होते. आधी वासे मोडल्याचा आवाज आला, मग पत्र्यांचा, मग पाण्याचा.

बाभळीचे वासे, त्यावर पत्रे, त्यावर तुराट्या आणि वर माती, अशी विहीर झाकलेली होती; पलीकडच्या कडेला बादलीपुरते भोक फळीने झाकले होते. आम्ही कडेला पालथे पडून पाहिले. खाली चाळीस एक फुटांवर काळे पाणी होते. माधव पालथा तरंगत होता.

अप्पा गुऱ्हाळाचा जुना दोर घेऊन आले आणि कमरेला बांधू लागले.

मी म्हणालो, "अप्पा, तुम्ही नको. मी उतरतो."

"कपारी मला ठावं हायती. तुम्ही दोर धरा. सोडू नका."

वस्तीवरच्या सगळ्या बायका आणि दोन म्हातारे दोराला लागले.  तीन पंचवीसला मी जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला फोन लावला.

"पार्टी दोन. माणूस विहिरीत पडला आहे. अँब्युलन्स पाठवा."

"जागा?"

मी सांगितली.

"पाण्यात की कोरड्यात?"

विचारणाऱ्याचा हेतू चांगला होता. माणूस कशात पडला त्यावर काय पाठवायचे ते ठरते. मी वाकून विहिरीत पाहिले. अप्पा खाली पाण्यात माधवचे डोके वर धरून होते.

"पाण्यात," मी म्हणालो.

"रॉजर."

बाज खाली सोडून माधवला वर घेतले. पत्र्याने डोक्याला मोठी जखम झाली होती. नाडी लागत होती. अँब्युलन्स दूर होती म्हणून वस्तीवरची जीप काढली. मी त्याचे डोके मांडीवर धरले. किल्लारी सोडल्यावर त्याने एकदा डोळे उघडले.

"अडतीसच हायत ना, मास्तर?"

"हो. अडतीसच."

औसा मागे पडल्यावर तो गेला.

बुधवारी मी कार्यालयात गेलो. उपग्रहाच्या त्या कागदावर 'खात्री करा' या ओळीपुढे कोणीतरी खूण केली होती. शेजारी तारीख आणि वेळ होती. तीन पंचवीस. मी रजिस्टर उघडलेच नव्हते. कंट्रोलच्या लॉगमधला माझा 'पाण्यात' हा एक शब्द पुरला होता.

त्याच दिवशी नोटीस लागली. गुरुवारी टँकर आले. विहीर एकोणीस दिवस चालली. कडवळ त्याआधीच वाळले. वस्तीला दोन दिवसांआड टँकर मिळू लागला, त्याचे पाणी गरम असायचे. महिनाअखेर मी रजिस्टर जमा केले आणि करार सोडला. साहेबांनी कारण विचारले. तब्येत, असे मी लिहून दिले.

रेणुकाचे हॉस्टेल बंद पडले नाही. तिथे कुठल्या विहिरीचे पाणी गेले, कोणी सांगू शकत नाही. तिला मेडिकल मिळाले नाही. तिने नर्सिंग केले आणि नांदेडला नोकरीला लागली. आजी तिला परत नेऊ शकली नाही. तिने मला एकदाच विचारले, "काका, बाबा कशाला गेले होते तिथं?" मी म्हणालो, "पाणी शोधायला." 

माधव कामावर असताना गेला, पण करारावर होता, म्हणून कुठल्याही स्मारकावर त्याचे नाव नाही. म्हणून ते इथे पुन्हा लिहितो. नाईक माधव कदम, अर्धापूर.

अप्पा दोन वर्षांनी गेले. हाक उशिरा मारली, असे ते मला प्रत्येक भेटीत म्हणायचे. मी तर मारलीच नव्हती. हे मी त्यांना सांगितले नाही.

मी दर मे महिन्यात तिथे जातो. कडुनिंब आहे. विहिरीवर लोखंडी जाळी आहे. अप्पांची सून गूळ आणि तांब्या आणून ठेवते. मी पाणी पितो. ते गार होते की नाही, हे मी आता कुठेच लिहीत नाही.