निकानोरचा वजनकाटा

निकानोर कासियानी माझ्या कुआग्रोतला. आमच्या पालेंके गावात एका वयाच्या पोरापोरींचा मिळून एक कुआग्रो होतो. लहानपणी दुसऱ्या कुआग्रोशी गुद्दागुद्दी करायची, मोठं झाल्यावर एकमेकांच्या लग्नात नाचायचं, मयत झालं की नऊ दिवस त्या घरी बसायचं. आमच्यातले आता सात उरलेत. निकानोर त्यात सगळ्यात बुटका. वयानं आणखी दोन बोटं आटलाय, पण त्याला तसं सांगायची सोय नाही.

तरुणपणी तो एकोणपन्नास किलोचा होता. पायांत असा वारा, की अंगणातली कोंबडी जशी हाती लागत नाही तसा तो समोरच्याला सापडायचा नाही. आम्हाला वाटायचं, आपला निकानोर डोंगरालाही पाडेल.

बावीस वर्षांचा असताना कार्ताहेना शहरात त्याची लढत ठरली. समोरचा पंचावन्न किलोचा. लढत भरवणारा म्हणाला, "हा फारच हलका आहे, त्रेपन्न तरी भरायला हवा." आम्ही कुआग्रोच्या पोरी बसलो आणि तोडगा काढला. कोळ्यांच्या जाळ्याला शिशाचे मणी असतात ना, ते त्याच्या पँटच्या कमरेत शिवले. शिवले म्हणजे मीच. माझा टाका बारीक.

निकानोर पोट धरून हसला. "तोमासा, हे घालून नदीत पडलो तर थेट तळाला जाईन गं."

वजन भरलं, आणि ती पँट बदलून तो रिंगमध्ये उतरला. पहिल्या दोन फेऱ्या त्यानं त्या गड्याला नाचवला. आम्ही ओरडून घसा बसवून घेतला. तिसरीपासून तो गडी मारायचा कमी आणि निकानोरच्या मानेवर रेलायचा जास्त. नुसता रेलायचा. पाचव्या फेरीत निकानोरचे पाय चिखलात रुतल्यासारखे झाले. सहाव्या फेरीत डाव्या डोळ्यावर ठोसा बसला, आणि त्या डोळ्यानं त्याला पुन्हा काही दिसलं नाही.

मला तो एक शब्द वाकडा बोलला नाही. तीन महिन्यांनी मी त्याच्यासाठी कसाव्याची भाकरी घेऊन गेले, तेव्हा एवढंच म्हणाला, "टाका मात्र झकास होता हं तुझा. एकही मणी गळला नाही." मी घरी येऊन रडले.

पुढे तो गावातल्या पोरापोरींना बॉक्सिंग शिकवायला लागला. दोरांच्या रिंगवर ताडपत्री बांधली, आणि रिंगच्या आधी आणला तो वजनकाटा, बाजारात कोनफळांची पोती तोलतात तसला. दोघांत दोन किलोंच्या वर फरक निघाला तर लढत नाही, मग समोर बिशप उभा असो. लोक चिडवायचे, "निकानोर, बॉक्सिंग शिकवतोस की कोनफळं विकतोस?"

"कोनफळाला ठोसे खावे लागत नाहीत," तो म्हणायचा, "तरी तुम्ही ते तोलून घेता."

उंचीचं त्याला काही वाटत नसे. उंच माणसाच्या हाताखालून जाता येतं म्हणे. एखाददुसरा किलो पायांनी भरून काढता येतो. पण पाच-सहा किलो कुठून आणणार?

माझी नात येनिस त्याच्याच हाताखाली तयार झाली. तेवीस वर्षांची, एक्कावन्न किलो. गेल्या जूनमधल्या गावच्या जत्रेत तिची लढत होती आणि ती बघायला प्रांताच्या संघासाठी मुली निवडणारा माणूस येणार होता. तो आमच्या गावात वर्षातून एकदाच फिरकतो. नेमकी समोरची मुलगी तापानं पडली. तिच्या जागी शहरातून मारेल्विस नावाची पोरगी आली, सत्तावन्न किलोची. खांदे असे, की मी लाडू विकायला नेते ते घमेलंही तिच्याच डोक्यावर दिलं असतं.

निकानोर म्हणाला, "नाही."

येनिसच्या कुआग्रोची पुढारीण दामारिस. तोंडाची तिखट. "निकानोर आजोबा, एक डोळा गेला, आता उरलेल्या डोळ्याला नुसती भीतीच दिसते का हो?"

"पंचावन्न भरली तर उतरव," तो शांतपणे म्हणाला. "एक्कावन्न म्हणजे एक्कावन्न."

"सणाचं खाऊन वाढलीये ती! दुपारी बघाच."

दुपारी येनिस सणाचा तीन झालरींचा घागरा घालूनच काट्यावर चढली. सोबत सगळा कुआग्रो, ढोल वाजताहेत, वारा सुटलेला. काटा पंचावन्नाच्या जरा पुढे गेला. निकानोरनं चांगला डोळा काट्याला टेकवला, टिचकी मारली, पुन्हा बघितलं. त्याला कळेना.

मला कळलं. माझ्या शेजारच्या पोरींचे घागरे वाऱ्यानं गुडघ्यापर्यंत उडत होते, आणि येनिसचा ओल्या गोधडीसारखा सरळ लोंबत होता.

आमच्याकडे दुसऱ्या कुआग्रोच्या गोष्टीत मोठ्यांनीही नाक खुपसायचं नसतं. मी लाडवांचं घमेलं डोक्यावर घेऊन जराशी थांबले, आणि मग गेलेच पुढे. खालची झालर धरली. आत मणी.

"शिवलं कुणी हे?" मी विचारलं. "काय हे टाके! आम्ही शिवलं होतं ते शहरातल्या पंचांनाही सापडलं नव्हतं."

ढोल थांबले. दामारिस म्हणाली, "आजी, हा आमच्या कुआग्रोचा मामला आहे."

"तेव्हाचा मामलाही आमचाच होता. त्याचा डोळा बघ."

येनिसच्या डोळ्यांत पाणी. "आजी, तो माणूस आता वर्षभर येणार नाही! तुला काय जातंय?"

निकानोर पुढे आला. माझं घमेलं उतरवून त्यानं त्यात लाडवांच्या जोडीला सहा किलो कोनफळं तोलून टाकली. "दामारिस, चुंबळ घे आणि हे डोक्यावर घे. रिंगभोवती चाल. मी घंटा देतो तशी थांब, देतो तशी पुन्हा चाल. आणि चालताना हात वर, तोंडापुढे."

"एवढंच? मी जन्मल्यापासून घमेली वाहतेय."

पहिली फेरी ती ठुमकत चालली. दुसरीत हसू गेलं. तिसरीत हात छातीपर्यंत उतरले. चौथ्या फेरीच्या मध्यावर तिनं खांब धरला.

"लाडवांसकट वाहत असशील रोज," निकानोर म्हणाला, "पण हे वरचे सहा किलो नवे. त्यांनी तुला एक ठोसा मारला नाही. नुसते बसले होते."

मग बोलली ती मारेल्विस. तोपर्यंत ती घमेल्यातून आधीच उचललेले माझे लाडू खात बसली होती, पैसे न देता. "आजोबा, मलाही हिला मारायची हौस नाही. जिंकले तर लोक म्हणतील, पिल्लाला मारलं. हरले तर तोंड दाखवायला जागा नाही. इथं शेजारच्या मालागाना गावात माझी मावसबहीण आहे, केइला. हिच्याएवढीच आहे आणि भांडखोर आहे. बोलावू?"

निवडणाऱ्या माणसाला मी भातावर बसवलं. नारळाचा भात, तळलेला मासा, वर दोन वड्या. तो कशाला उठतोय? चारच्या सुमाराला केइला भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आली, अंगाला माशांचा वास, बाजारातूनच उठवून आणलेली. काट्यावर साडेपन्नास. निकानोरनं मला तिच्या कपड्यांच्या शिवणी चाचपायला लावल्या, मग येनिसच्याही. सख्ख्या नातीच्या!

आणि लढत काय झाली! दोघींचे पाय शेवटपर्यंत हलत होते. कुणी कुणावर रेललं नाही. येनिस एका गुणानं हरली. त्या माणसानं वहीत दोघींची नावं लिहिली आणि दोघींना पुढच्या महिन्यात कार्ताहेनाला यायला सांगितलं. दामारिस एवढी ओरडली की कुणाला वाटावं हिचीच सख्खी बहीण लढली.

येनिस ओठ सुजवून भात खात होती. निकानोर माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला. त्याला डावीकडचं दिसत नाही, म्हणून आम्ही सातही जण त्याला नेहमी जागा बघून देतो.

"डोळे ठीक आहेत तिचे?" त्यानं विचारलं.

"ठीक आहेत. माझ्याकडे वटारून बघतेय अजून."

"बघू दे."

घागऱ्यातले मणी आता ताडपत्रीच्या कडेला आहेत, वाऱ्यानं ती उडू नये म्हणून. दामारिस शिवत होती, मी तिच्या हातातून सुई काढून घेतली.