पार्किंग मागायला गेलो होतो

मंडळी, आजचं तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

इथे अमेरिकेत, आमच्या रेडमंड गावात बस स्टेशनजवळ नवीन अपार्टमेंट्स होणार आहेत. तिथे बिल्डरला घरटी पार्किंग बांधायची सक्ती नको, असा नियम येतोय. संध्याकाळी सिटी हॉलमध्ये त्यावर सुनावणी होती. मी विरोध करायला गेलो. नागपूरहून आलेली आई दिवसभर घरात बसून कंटाळते, म्हणून तिलाही नेलं.

माझा मुद्दा पक्का होता. गणपतीला आमच्याकडे अख्खं मंडळ लोटतं, सगळे गाड्यांनी, आणि दर वर्षी शेजाऱ्यांशी वाजतं. माईकवर तावातावाने विचारलं, पाहुण्यांनी गाड्या काय डोक्यावर ठेवायच्या? टाळ्याही पडल्या.

परत येताना आईने विचारलं, "एवढा कशावरून भांडलास रे?"

सगळं समजावून सांगितलं.

"मग गाडी नसलेले लोक राहतील की तिथे."

"आई, इथे गाडी नाही असं कोणी नसतं."

"मी आहे ना," ती म्हणाली.

नागपुरात ही बाई स्कूटरवर गावभर फिरते. इथे आमच्या घरापासून बस स्टॉपपर्यंत चालत जायला धड फुटपाथ नाही. तिला कुठे जायचं असेल तर माझी सुट्टी लागते, आणि यार, हे मला आज कळलं.

तुमच्याकडे आलेले आई-बाबा आठवडाभर काय करतात हो?

घरी आल्यावर चपला काढता काढता तिने विचारलं, "शनिवारी लायब्ररीत नेशील ना?"

आज मंगळवार आहे.