कानांवरचे केस

माझी ताई केस कापते असं म्हणणं म्हणजे तिचा अपमान आहे. केस कुणीही कापतं. ताई झाकते. बँकेतल्या बाईंच्या टाळूवरचं टक्कल, एका शिक्षिकेच्या कपाळावरचा भाजल्याचा डाग, कुणाचे पुढे आलेले कान, सगळं तिच्या कात्रीखालून गेलं की नाहीसं होतं. घराच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, एक आरसा आणि एक बेसिन एवढ्यावर तिने पार्लर उभं केलं. गिऱ्हाईक बसलं की पहिला प्रश्न, "बोला, काय लपवायचंय?" झाकली मूठ सव्वा लाखाची, यावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास.

तिची मुलगी टिल्ली याच खोलीत रांगली आणि चालायला लागली. हाक मारली तर वळायची नाही. पण ड्रायरच्या घरघरीत मोठ्यांना तरी कुठे काय ऐकू येतं! आपल्याच नादात असते, म्हणून आम्ही सोडून दिलं. चार वर्षांची झाली तरी 'आई' आणि 'दे' यापुढे गाडी सरकेना, तेव्हा तपासणी झाली. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं. ताई रडली नाही. घरी येताना एवढंच म्हणाली, "कुणाला बोलू नकोस."

ऐकायची यंत्रं निवडायला मी तिच्याबरोबर गेले होते. कानाच्या मॅडम तरुण होत्या, पण बोलणं स्वच्छ. त्यांनी नमुने टेबलावर मांडले. ताईचा हात थेट सगळ्यात बारक्या यंत्राकडे गेला, कानाच्या आत गडप होणाऱ्या.

"ते लहान मुलांसाठी नाही," मॅडम म्हणाल्या. "कान वाढतो, आणि हिला लागते तेवढी ताकद त्यात नाही. हिला कानामागचं लागेल. कानात बसणारा साचा तेवढा वरचेवर बदलायचा."

"पण ते दिसतं."

"दिसू दे की. चष्मा नाही का दिसत?"

एवढ्यात टिल्लीने नारिंगी यंत्र उचललं, कानामागे अडकवलं आणि टेबलावरच्या आरशात स्वतःवर खूश होऊन बघत बसली. मॅडम हसल्या. "तिला आवडलं तेच घ्या. मूल जे मिरवतं, तेच घालतं."

ताईने ते तिच्या कानामागून काढून घेतलं. मग एकेक यंत्र टिल्लीच्या केसांना लावून बघू लागली, गिऱ्हाइकाला केसांचा रंग निवडून देते तशी. काळपट तपकिरी ठरलं. मी म्हटलं, "अगं, पोरीला नारिंगी हवंय." तर माझ्यावरच डाफरली, "तुला स्वतःचं मूल झालं की शिकव मला."

यंत्रं पहिल्यांदा लावली त्या दिवशी बेसिनचा नळ सुटला आणि टिल्ली दचकून वळली. मग स्वतःच नळ बंद करायची, पुन्हा सोडायची, पुन्हा ऐकायची. त्या दिवशी ताई रडली, हमसून हमसून. मॅडमनी बजावलं होतं, बोलणं शिकायची हीच वर्षं आहेत. दिवसभर यंत्रं कानात हवीत आणि दर काही आठवड्यांनी दाखवायला आणा. भाची बोलणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. महिन्याभरात ती मला 'माची' म्हणायला लागली. मावशीचं माची झालं तरी मी हवेत होते.

ताईच्या डोक्यात मात्र शाळा होती. टिल्लीचे केस तिने असे कापले की दोन्ही कान पूर्ण झाकले जावेत, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून रोज सकाळी दोन्ही बाजूंना भरपूर स्प्रे. तपासणीला जाणं तिने बंद केलं. तिथल्या बाकावर एखादं गिऱ्हाईक भेटलं तर? मी सांगून सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी. तिकडे टिल्ली पुन्हा हाकेला वळेनाशी झाली. यंत्रं ओढून काढायची. ताई धपाटा घालून पुन्हा लावायची. "हट्टी आहे, बापावर गेलीय," म्हणायची. भावोजी कधी कुणावर आवाज चढवत नाहीत, तेव्हा हा हट्ट कुणाचा ते सांगायला नको. माझं 'माची' कधी बंद झालं ते मलाही कळलं नाही.

वर्ष असं गेलं. मग शाळेतून निरोप आला की मुलीला वर्गातलं काहीच ऐकू येत नाही. ताई तरातरा मॅडमकडे गेली. "फसवलंत आम्हाला! मशीन कुचकामी आहे."

मॅडमनी नवी बॅटरी घातली, नळी लावून स्वतः ऐकलं, भिंगाखाली धरून पाहिलं. मग यंत्र नाकाशी नेलं.

"केसांवर काय मारता?"

"स्प्रे. का?"

"आवाज आत घेणारी भोकं त्याने बुजलीत. दोन्हीकडची. वरून हे केस घासतात, त्याची खरखर वेगळी. म्हणून काढून टाकत होती ती." मग त्यांचाही तोल गेला. "हट्टी नाहीये ती. वर्षभर तुम्ही तिच्या कानात बोळे कोंबून तिला शाळेत पाठवलंत. हे वर्ष मी तुम्हाला कुठून आणून देऊ?"

मला ताईचा संताप आला होता, आजही येतो. पण तिचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता.

यंत्रं दुरुस्त झाली. त्याच संध्याकाळी, दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना, ताईने टिल्लीला खुर्चीत बसवलं आणि कानांच्या वर, अगदी आखूड केस कापले. "हे काय लावलंय हिला?" एकीने विचारलं. "ऐकायचं मशीन," ताई मोठ्याने म्हणाली. मला वाटलं, सुटलो.

पुढच्याच आठवड्यात मी तिथे बसले होते. टिल्ली नळाखाली कंगवे धूत होती, कानांत यंत्रं. दार उघडून एक नवीन बाई आत आल्या. टिल्लीने मान वर करून त्यांना पाहिलं, हात पुसले, दोन्ही यंत्रं काढली आणि फ्रॉकच्या खिशात टाकली. कुणी सांगितलं नव्हतं.

"नाव काय गं तुझं?" बाईंनी विचारलं.

टिल्ली गोड हसली आणि मान डोलावली.

"कितवीत आहेस?"

पुन्हा मान.

"किती शांत मुलगी हो तुमची! आमची कार्टी नुसती बडबडतात."

ताईच्या हातातली कात्री थांबली. "टिल्ली, घाल ते कानात," ती म्हणाली, मग ओरडली. टिल्लीला ऐकू येणं शक्यच नव्हतं. खिसा हाताने घट्ट दाबून ती आईकडे बघत उभी होती, शाबासकीची वाट बघत.