मोगली एरंडावर चाललेलं इंजिन

मी शहराजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला लागले, त्याच वर्षी वैजापूरकडच्या आमच्या गावात मोगली एरंडाची हवा सुटली. बियांतून डिझेलसारखं तेल निघतं, पाणी लई लागत नाही, शेळ्या तोंड लावत नाहीत. रोपं फुकट, खड्ड्यांना अनुदान, आणि बी विकत घ्यायची एका कंपनीची हमी. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. माझ्या वडिलांचे, दादांचे, पाय जमिनीवर ठरेनात.

"सगळ्या रानात लावू! आता तेलाच्या विहिरी आपल्याकडंच!"

कंपनीचा माणूस घरी आला. चहा देता देता आईनं विचारलं, "साहेब, तीन वर्षं झाड काही देणार नाय. तोवर खायचं काय? आन् बी आल्यावर तुम्हीच आला नाय तर?"

"कागदावर लिहून देतो ना, ताई," तो हसला.

"मग माळावर लावू," आई म्हणाली. "काळ्या रानात कापूस अन् बाजरीच राहील."

दादा रुसले. मीही त्यांच्याच बाजूची, पण आईपुढं दोघांचं काही चाललं नाही. रविवारच्या सुट्टीत दादांबरोबर मी माळावर खड्डे खणले. हाताला फोड आले तरी थांबावंसं वाटेना.

चौथ्या वर्षी काळं बी हाती आलं आणि कंपनीचा फोन बंद झाला. शहरात जालना रोडवरच्या नव्या इमारतीत त्यांचं ऑफिस होतं. मी तिथं गेले, तर फरशीचं दुकान थाटलेलं. 

हे ऐकल्यावर तिसऱ्या दिवशी दादांनी बियांचं पोतं उचललं. गावातल्या घाणेवाल्यानं हात जोडले, "हे विषारी बी खायच्या तेलाच्या घाण्यात नाय घालणार." शेवटी शेजारच्या गावी एक बंद पडलेला घाणा साफ करून दादांनी कॅनभर तेल काढलं. आईच्या जुन्या लुगड्यातून ते गाळलं. विहिरीवरचं इंजिन आधी डिझेलवर तापवलं आणि मग त्यात हे तेल ओतलं.

इंजिन खोकलं. मग धडधड सुरू झाली आणि पाइपातून पाणी उसळलं.

"चालतंय! व्हय, चालतंय!" दादा ओरडले. आई हातातलं खुरपं घेऊनच धावत आली आणि पाण्यात उभी राहून हसू लागली.

अर्ध्या तासात विहिरीनं तळ दाखवला. त्या साली घर चाललं ते कापसावर आणि माझ्या पगारावर. एरंडाला गिऱ्हाईक कधीच मिळालं नाही. पण दादा दर हंगामात कॅनभर तेल काढत, आणि पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला विहिरीवर नेत.