कानडेजींनी न उघडलेली फाईल

श्री. विनायकराव कानडे यांची आणि माझी ओळख नकारानेच झाली. जळगावहून इंदूरला येऊन मी पलासियातल्या आमच्या पॅथॉलॉजी केंद्रात रिपोर्ट विभाग सांभाळायला रुजू झाले होते. सगळ्या विभागांच्या फायली नेटवर्कवरच्या एका सामायिक सर्व्हरवर असत आणि त्यांची रोज रात्रीची प्रत, म्हणजे बॅकअप, दुसऱ्या सर्व्हरवर जाई. दोन्हींची जबाबदारी कानडेजींकडे होती. मी रुबाबात जाऊन म्हटलं, "मला बॅकअपचाही ॲक्सेस लागेल."

"कशासाठी?"

"कधी गरज पडली तर?"

"गरज पडली तर मला सांगा ना, मी काढून देईन. चाय घेणार?"

चहा मिळाला, ॲक्सेस काही मिळाला नाही. मी धुसफुसत परतले. भला माणूस आहे, पण फारच आडमुठा, असं माझं मत झालं. ते आजही पूर्ण बदललेलं नाही, हे या गौरवग्रंथात नोंदवून ठेवते.

पुढे कळलं की ते संचालकांनाही नाहीच म्हणतात. आमचे संचालक चिडले की सगळा मजला चिडीचूप होतो. एकदा ते कडाडले, "मालिक मैं हूँ कि आप?" कानडेजी शांतपणे म्हणाले, "आप ही हैं, सर. इसीलिए नहीं दे रहा. आपके पासवर्ड से कोई घुसा, तो आपका ही सब मिटाएगा." बॅकअपमध्ये लिहिण्याचा आणि पुसण्याचा अधिकार त्यांनी फक्त त्या कामासाठीच्या एका वेगळ्या खात्याला दिला होता. स्वतःचं रोजचं कामही ते साध्या खात्यावरूनच करत.

हाच माणूस घरी अगदी वेगळा. सुदामा नगरात त्यांच्या शेजारची खोली त्यांनीच मला मिळवून दिली. सामान लागेपर्यंत मीनाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, मला चूल पेटवू दिली नाही. परक्या गावात मला माहेर मिळालं ते या घरात.

म्हणूनच ती सकाळ मी आजही विसरलेले नाही. मीनाताईंच्या छातीत गाठ निघाली होती आणि तिच्या तुकड्याची तपासणी आमच्याकडेच झाली होती. आमच्या पॅथॉलॉजिस्ट डॉ. दुबे मॅडमनी आदल्या संध्याकाळी रिपोर्ट लिहून ठेवला होता आणि त्या दिवशी दुपारी नवरा-बायको दोघांना बोलावून सांगायचं ठरलं होतं. सकाळी आम्ही कामावर आलो, तर एकही फाईल उघडेना. कोणीतरी बाहेरून शिरून सामायिक सर्व्हरवरच्या सगळ्या फायलींना कुलूप ठोकलं होतं आणि खंडणीचा मजकूर पडद्यावर झळकत होता. रिसेप्शनसमोर नातेवाईकांची रांग वाढत होती. एका रुग्णालयातून फोनवर फोन येत होते, कारण तिथे शस्त्रक्रिया रिपोर्टवाचून अडली होती. आत शिरलेल्याने खातं वापरलं होतं ते खुद्द संचालकांचं. त्या खात्याला जिथे जिथे हात पोचत होता, तिथे तिथे सगळं गेलं होतं.

बॅकअपपर्यंत मात्र तो हात पोचत नव्हता.

कानडेजींनी नवा सर्व्हर उभा केला आणि फायली परत आणायला सुरुवात केली. ज्यावाचून शस्त्रक्रिया अडली होती तो रिपोर्ट त्यांनी सर्वांत आधी काढून संबंधित डॉक्टरांकडे दिला. संचालक डोक्यावर उभे होते. "सबको फुल परमिशन दे दो! बाद में देखेंगे!" मीही तेच म्हणत होते, कारण रांगेतल्या लोकांच्या शिव्या मी खात होते.

"रश्मीजी, जरा रुका," ते मान वर न करता म्हणाले. "आत्ता सगळ्यांना खोलून दिलं, तर बाद में बंद कोण करेल? कोणीच नाही. लोकांच्या आजाराच्या गोष्टी आहेत या."

आणि ज्याची फाईल त्यालाच दिसेल, असं एकेक फोल्डर ते लावत गेले. मी शेजारी बसून यादी वाचत होते. तेवढ्यात पडद्यावर नाव आलं, मीना विनायक कानडे. मी वाचता वाचता थांबले. दुबे मॅडम चालू शस्त्रक्रियेतला तुकडा तपासायला दुसऱ्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या, त्यांचा फोन बंद होता. एक आज्ञा दिली असती, तर रिपोर्ट समोर उघडला असता.

"बघा ना," मी म्हटलं.

"मला परमिशन नाही."

"अहो, परमिशन तुम्हीच देता!"

"म्हणूनच," ते म्हणाले. त्यांनी फोल्डर दुबे मॅडमच्या नावावर लावलं आणि पुढचं नाव वाचायला सांगितलं. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला होता.

दुपारी दुबे मॅडम आल्या. सगळं कळल्यावर त्यांनी तडक रिपोर्ट उघडून पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "कानडेजी, बैठिए." ते बसले नाहीत. त्यांनी घरचा नंबर लावला, फोन मॅडमच्या हातात दिला आणि म्हणाले, "रिपोर्ट उनकी है. पहले उनको बताइए." मग आम्ही मॅडमच्या खोलीतून बाहेर आलो आणि ते काचेच्या दाराला पाठ करून उभे राहिले. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं. मॅडमचा चेहरा वाचायचीही माझी हिंमत होत नव्हती.

दार उघडलं. मॅडमनी फोन त्यांच्यापुढे धरला. मी इतकी जवळ होते की मीनाताईंचा आवाज मलाही आला, "अहो, साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. ऐकताय ना?"

"ऐकतोय," कानडेजी म्हणाले आणि तिथेच जिन्यावर बसून लहान मुलासारखे रडले.

आज ते साठ वर्षांचे होत आहेत. कानडेजी, तुम्हाला उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो, मीनाताईंच्या सोबतीने लाभो. आणि तुमच्या घरी येणारी प्रत्येक बातमी अशीच, त्यांच्या तोंडून, आनंदाची येवो.